रुईचा बाप

उमापूर, कार्तिक वद्य तृतीया, शके १८३३

चिरंजीव उत्तरेश्वर यास,

तुझे कार्ड पोचले. पोचले म्हणजे सगळ्या गावाला पोचून झाल्यावर शेवटी मला पोचले. तक्रार लहान आहे, पण रीतसर मांडतो. पत्र ही एकाने लिहावी आणि एकाने वाचावी अशी वस्तू असते, असा आजवर माझा समज होता. तू उघडे कार्ड टाकतोस. ते गेवराईच्या डाकघरात कारकून वाचतो, वाटेत आमचा डाकवाला धुळाजी वाचतो, आणि तुझे अक्षर त्याला लागले नाही की मारुतीच्या पारावर बसून चारचौघांच्या मदतीने लावतो. परवा मी स्नान करून येत होतो, तो धुळाजी कार्ड हातात धरून उभाच. म्हणाला, "शास्तरीबुवा, धाकले मालक इचारतेत, तिजा म्हंजी काय. आता ह्ये त्यान्ला कावून पाहिजे? सुगावा लागला का काय?"

पुण्यात बंद पाकिटे मिळत नसतील तर कळव. मोगलाईतून पाठवतो.

धुळाजीला कसला सुगावा म्हणायचा होता ते पुढे येईल. आधी तुझे काम. तुमच्या कोशमंडळींना 'तिजा' या जुन्या शब्दाचे मूळ, अर्थ आणि प्रयोग हवे आहेत. इतक्या वर्षांत तुला थोरल्या भावाकडून काही हवेसे वाटले आणि तो एक शब्द निघाला, याचा आनंद आहे. शब्द सांभाळायला सोपे. त्यांना जेवायला घालावे लागत नाही.

मूळ स्वच्छ आहे. संस्कृत 'तृतीय'. प्राकृतात उतरताना त्याने वाटेत बरेच सामान टाकले, 'तिइज्ज' झाला, आणि मराठीच्या वेशीत येईतो 'तिजा' एवढाच उरला. त्याचा वडील भाऊ 'दुजा' अजून कीर्तनात आणि बायकांच्या ओव्यांत सुखाने नांदतो. तिजा मात्र घराबाहेर पडला. त्याच्या जागी 'तिसरा' येऊन बसला आणि कोणी हूं की चूं केले नाही. आता तिजा एकटा कुठे भेटत नाही. दुसऱ्या शब्दाच्या घरी, पोरक्या लेकरासारखा, मिळेल त्या कोपऱ्यात राहून आहे.

ते कोपरे असे. पहिला, 'तीज', म्हणजे पक्षाची तिसरी तिथी. हे पत्र मी तिजेलाच लिहीत आहे, तो योगायोग. दुसरा, 'तिजाई', म्हणजे तिसरा हिस्सा. खळ्यावर रास पडली की रानवाल्याने दोन वाटे न्यावे आणि एक राबणाऱ्याला ठेवावा, अशी बोली आमच्याकडे अजून आहे, पण शब्द म्हाताऱ्यांच्याच तोंडी. तिसरा, 'तिजारी', तिसऱ्या दिवशी फिरून येणारा हिवताप. यंदा गावात घरटी एक आहे, म्हणून हा अर्थ मी प्रत्यक्ष पाहून लिहितो.

तुझ्या लक्षात आले असेल की तिजा जिथे जातो तिथे त्याचे कोणी स्वागत करीत नाही. तुझी वहिनी पानात तिसरी भाकरी कधी अख्खी वाढीत नाही. मोडून दोन तुकडे करते, म्हणजे चार झाल्या. तिला विचारले, हे कुठे लिहिले आहे? ती म्हणाली, लिहायला कशाला पाहिजे, तीन वाढत न्हाईत. माझ्या साऱ्या विद्येला इतके आटोपशीर उत्तर कोणी दिलेले नाही.

चौथा आणि शेवटचा कोपरा, 'तिजवर'. दोन बायका वारल्यावर तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणारा पुरुष. प्रयोगाचे उदाहरण हवे म्हणतोस, ते देतो. "आष्टीकडील अर्जुनराव देशपांडे हे तिजवर असून त्यांनी उमापूरच्या त्रिंबकशास्त्र्यांच्या पुतणीस मागणी घातली आहे." वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. त्यातली पुतणी म्हणजे मनकर्णा. तुझी मुलगी, आई गेल्यापासून आमच्या घरी वाढलेली.

धुळाजीला वाटले तुला कळले. मलाही क्षणभर तसेच वाटले, खोटे कशाला सांगू. मग कार्ड पुन्हा वाचले. तुला शब्दच हवा होता.

मनकर्णेला बारावे सरत आले. अर्जुनरावांना एक्केचाळीस. त्यांची पहिली बाळंतपणात गेली, दुसरी प्लेगात. थोरली मुलगी मनकर्णेपेक्षा मोठी असून सासरी नांदते. माणूस वाईट नाही. घरी शंभर बिघे रान, दारात बैल, बोलणे मऊ. तू मुक्ताबाईशी लग्न केलेस त्याला सहा वर्षे झाली. विधवेशी पाट लावणाऱ्याच्या मुलीला कोण करणार, असे ज्यांनी म्हटले नाही अशी आमच्या जातीची घरे मी शोधीत होतो. आतापावेतो एक सापडले, ते हे.

संवत्सराचे नावच यंदा विरोधकृत् आहे. तेव्हा तुझा विरोध असल्यास तो लवकर आणि बंद पाकिटातून कळव.

थोरला भाऊ,
त्रिंबक


उमापूर, मार्गशीर्ष शुद्ध दशमी

उत्तरेश्वर,

पाकीट आले. धुळाजीने ते दोनदा उन्हाकडे धरून पाहिले आणि रुसून माझ्या हातात दिले. त्याला सांगितले, त्यात तुझ्या मतलबाचे काही नाही, नुसती मला शिव्या आहेत. तर म्हणाला, मग तर वाचायलाच पाहिजे होतं की.

तू चार पाने लिहिलीस आणि इतकी उद्गारचिन्हे दिलीस की कागदाला बाभळीचे कुंपण घातल्यासारखे दिसते. तुझे म्हणणे मला मान्य आहे. खरेच मान्य आहे. मुलीचे वय, वराचे वय, लाज, माणुसकी, सगळे. शेवटी तू लिहितोस, "तुम्ही सरळ नाही म्हणून टाका." पुण्याहून हे फार हलके दिसते. इथे ते कोणाकोणाच्या डोक्यावर ठेवावे लागते ते सांगतो.

तुझे लग्न झाले तेव्हा माझ्यावर ग्रामण्य आले. घरात पाणी भरायला कोणी येईना, पंगतीला बोलावणे येईना. मी पंचगव्य घेतले, प्रायश्चित्त केले, तुझे नाव टाकले, तेव्हा पंगत मोकळी झाली. पंचगव्याची चव तुला कळवायची राहून गेली होती, ती अशी की जन्मात विसरू नये. त्या प्रायश्चित्ताच्या जोरावर माझी कौशल्या पैठणला सासरी राहिली. तिच्या सासऱ्याने तेव्हा साफ सांगितले होते, पुन्हा काही कानावर आले तर मुलगी गाडीत घालून धाडीन. आता मी अर्जुनरावांना नकार दिला तर लोक विचारतील, का? वय जास्त म्हणून, असे मी म्हणालो तर हसतील. याच गावात याहून म्हातारे नवरदेव होऊन गेले आणि त्यांची मंगलाष्टके मीच म्हटली. मग म्हणतील, शास्त्री भावाच्या वळणावर गेला. बातमी पैठणला जायला दोन बाजार पुरतात.

तुझ्या पत्राच्या तळाला मुक्ताबाईने एक ओळ घातली आहे. "मुलीला इकडे पाठवा, माझे हात रिकामे आहेत." तुझ्या चार पानांपेक्षा ती मला जड गेली. तिला माझा आशीर्वाद सांग. मी तिला पाहिलेले नाही, पण अक्षर तुझ्यापेक्षा चांगले आहे.

तिला हेही सांग, की पाठवणे माझ्या हातून होणार नाही. वाळीत टाकलेल्या घरी शास्त्र्याने आपल्या हाताने मुलगी धाडली, असे झाले की कौशल्येची गाडी निघालीच. पण बाप येऊन मुलीला घेऊन गेला, याला मी काय करणार? बाप तो बाप. त्याला अडवणारा मी कोण? पाठवणे निराळे आणि नेणे निराळे. व्याकरणात दोन्ही क्रिया, पण कर्ता बदलतो. तू कोशवाला आहेस, तुला अधिक सांगायला नको.

आता इकडची हकीकत. गेल्या आठवड्यात अर्जुनरावांच्या मातोश्री बायनाबाई मुलगी पाहायला आल्या. बाई भारी. ओसरीवर बसल्याबसल्या त्यांनी आमचा तुळशीचा कट्टा, पाण्याचे हंडे आणि तुझ्या वहिनीचे लुगडे यांची किंमत केली. मग म्हणाल्या, "आमचं घर भरलेलं हाय, शास्त्रीबुवा. गडी हायेत, जनावर हाय, दाणा हाय. निस्ती बाई न्हाई." मला वाटले, दोन होत्या, त्या कशाने संपल्या ते विचारावे. विचारले नाही. चहा आधीच गार झाला होता.

त्यांनी मनकर्णेला चालून दाखवायला लावले, स्वैपाकाचे विचारले, आणि जाताना एक मोत्यांची नथ तिच्या ओंजळीत घातली. ही दुसरीची. पहिलीची तिच्याबरोबरच दिली, म्हणाल्या.

तुला वाटत असेल मनकर्णा रडत बसली असेल. तू तिला शेवटची पाहिलीस ती सहा वर्षांची असताना, म्हणून सांगतो. तिला नथ आवडली. रोज दुपारी ती लावून, काकूचे जुने लुगडे नेसून परसात फिरते. मोठे लुगडे पायात येते, पडते, हसते आणि पुन्हा चालते. काल मला विचारले, काका, आष्टीला डोंगर आहेत का? आहेत म्हणालो. मग बरं, म्हणाली, इथं नुसतं सपाट आहे.

तुझ्या शब्दासाठी अजून एक. पिंजारगल्लीत परवा एक म्हातारा वारला. तिसऱ्या दिवशी त्यांच्यात कुराण वाचून चणे-फुटाणे वाटतात, त्याला ते 'तीजा' म्हणतात. पाहा, तिजा शेवटी तिथेही मृत्यूच्याच दारात उभा. आपल्यातून हाकललेल्या शब्दाला त्यांनी घर दिले. टिपून ठेव.

रजा कधी मिळते ते लिही.

त्रिंबक


उमापूर, पौष वद्य षष्ठी

उत्तरेश्वर यास,

तुझे पत्र वाचले. कोशाची 'त'ची पाने छापखान्यात गेली आहेत, मुद्रिते तपासायला दुसरे कोणी नाही, म्हणून हलता येत नाही. समजले. 'त' गेला तर त्याबरोबर तृतीय, तिजा, तिजाई सगळेच आले. त्यात 'तिजवर' घेताना माझे ते उदाहरण गाळले असशील अशी आशा आहे. निदान नावे तरी बदल.

पत्राच्या शेवटी तू खरे कारण लिहिलेस, ते बरे केलेस. "त्या गावात मला कोणी पाणी तरी देईल का?" आईच्या तेराव्याला तुला ओसरीच्या बाहेर पान मांडले ते तू विसरला नाहीस. विसरावे असे मी म्हणत नाही. पाणी कोणी देणार नाही. तांब्या बरोबर आण.

मुहूर्त ठरला. फाल्गुन शुद्ध पंचमी. तत्पूर्वी एक विधी करणे प्राप्त आहे, आणि या टापूत तो मला एकट्यालाच येतो, हे माझे नशीब. तू शास्त्र सोडलेस, तेव्हा नव्याने सांगतो.

तिसरी बायको जगत नाही, किंवा तिसऱ्या लग्नाचा नवरा जगत नाही, असे शास्त्र म्हणते. दोन्ही वाक्ये एकाच श्लोकात बसवली आहेत, म्हणजे कोणाला तक्रार नको. मग तोड काय? तर तिजवराचे तिसरे लग्न रुईच्या झाडाशी लावायचे. अर्कविवाह. रीतसर अंतरपाट, मंगलाष्टके, कन्यादान, होम. मग झाड तोडायचे. तिसरी वारली. आता जी येईल ती चौथी, तिला दोष नाही. तुझ्या वहिनीला समजावून सांगितले तर म्हणाली, म्हणजे भाकरी मोडल्यासारखंच की.

रुई फुला-फळांची पाहिजे, गावाच्या पूर्वेला किंवा उत्तरेला पाहिजे, इतके शास्त्रात आहे. त्याच्या पुढचे मी घातले. अर्जुनरावांचा गडी बंकट झाड शोधायला आला होता. त्याने पहिले दाखवले, ते मी नापास केले, कारण त्यावर शेळ्या तोंड घालतात. कन्या उष्टी चालत नाही. दुसरे मसणवाटेच्या अंगाला होते. तिसरे चांगले होते, तर म्हटले यावर फुले आहेत, बोंडे नाहीत, ही वयात आलेली नाही. बंकटने माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाला, "बुवा, झाडाचं वय तुमी लई बगता." आणि पुढे चालू लागला. त्यानंतर मी कुठलेच झाड नापास केले नाही.

ठरलेले झाड पाहायला स्वतः अर्जुनराव आले. मी एकटाच त्यांच्याबरोबर गेलो. जाड माणूस, चालताना धापा टाकतात, समोरचा एक दात पडलेला आहे म्हणून बोलताना ओठावर हात ठेवतात. झाडापाशी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "शास्त्रीबुवा, मला बाई नको होती. दोघींना मीच पोचवून आलो. पण आई ऐकत न्हाई. तिला हाताखाली माणूस पाहिजे."

मी म्हणालो, मग तुम्ही नाही म्हणा.

"तुमी द्यायला न्हाई म्हणा. मी घ्यायला न्हाई म्हणतो. आधी कोण म्हणतं?"

त्यांनी हे कुचेष्टेने विचारले नाही. खरेच उत्तर हवे होते. वाऱ्याने रुईचे एक बोंड उलले होते, त्यातला कापूस त्यांच्या कोटावर बसला. मी झटकून दिला. मग आम्ही परत निघालो. वाटेत ते तुझ्याबद्दल बोलले. म्हणाले, मुलीचा बाप पुढं आला असता तर आईनं पाय ठेवला नसता मांडवात. हे त्यांनी कोणत्या हेतूने सांगितले, ते मी त्यांना विचारले नाही. तुला जसेच्या तसे कळवले आहे.

छापखान्यातली पाने आता निघाली असतील.

त्रिंबक


उमापूर, माघ वद्य चतुर्थी

उत्तरेश्वर,

तुझे उत्तर नाही. धुळाजी दारावरून जाताना आता थांबत नाही. लांबूनच हात हलवतो, म्हणजे काही नाही. त्याने एकदा उगाच म्हटले, पुन्याकडं डाक तुंबली असंल. कधी नव्हे तो खोटे बोलला, आणि माझ्यासाठी बोलला, म्हणून त्याला गुळाचा खडा दिला.

रविवारी अर्कविवाह झाला.

सकाळी उन्हे वर यायच्या आत आम्ही गेलो. बंकटने झाडाभोवती शेणाने सारवून ठेवले होते. बायनाबाईंनी झाडाला खण नेसवला, हळदकुंकू लावले, बुंध्याला पांढरे सूत गुंडाळले. अर्जुनराव मुंडावळ्या बांधून समोर बसले. मनकर्णेला आणू नये असे मी बजावले होते. तुझ्या वहिनीनेच आणले, म्हणाली, घरी एकटी कशी ठेवू, आणि तिला पाहायचंय. ती लिंबाखाली नथ घालून बसली होती.

आता विधीत एक गोष्ट आहे ती तुला ठाऊक नसेल. झाडाला बाप नसतो. म्हणून आचार्यानेच त्या कन्येचा बाप व्हायचे आणि कन्यादान करायचे. म्हणजे रुईचा बाप मी. संकल्पात तिचे कूळ सांगावे लागते. आदित्याची पणती, सवित्याची नात, अर्काची कन्या, काश्यप गोत्र. माळरानातल्या एका झुडपाच्या मागे तीन पिढ्या उभ्या राहिल्या, आणि मी ते मोठ्याने म्हणत होतो. लिंबाखाली जी बसली होती तिच्या मागे तेव्हा कोणी उभे नव्हते.

मी मनाशी एक ठरवून गेलो होतो. 'कन्यां तुभ्यम्' इथपर्यंत म्हणायचे आणि थांबायचे. पाणी सोडायचे नाही. म्हणायचे, हा विधी अपुरा राहिला, पुढे माझी वाचा चालत नाही, दुसरा कोणी पाहा. दुसरा कोणी नाही, हे मला ठाऊक होते. पंचमी टळली असती. मग वैशाखापर्यंत तू आला असतास, किंवा काही तरी झाले असते.

थांबलो नाही. तोंडाने पुढचे म्हटले. हात झारीकडे गेला आणि पाणी सोडून मोकळा झाला. मला कळले तेव्हा मंगलाष्टके चालू होती आणि ती मीच म्हणत होतो, सुरात. सगळ्यांना आवडली.

मग बंकटने कोयता काढला. एका घावात झाड आडवे झाले. रुईचा पांढरा चीक तुला माहीत आहे, तो तुटलेल्या बुडातून वाहत राहिला, खणावर, सुतावर, कुंकवावर. बायनाबाई म्हणाल्या, सुटलो. अर्जुनरावांनी मुंडावळ्या सोडल्या आणि रीतीप्रमाणे डोक्यावरून पाणी घेतले. ते रडत होते, पण पाणी घेतलेल्या माणसाचे कोणाला कळत नाही.

परत येताना मनकर्णा माझ्याबरोबर चालत होती. लुगडे आता पायात येत नाही, शिकली. वेशीपाशी आल्यावर तिने विचारले, "काका, ती तिसरी होती ना?"

मी हो म्हणालो.

"मग तिला कावून सांगितलं न्हाई, काय होनार ते?"

मी म्हणालो, झाडाला काय सांगायचे.

ती थोडे चालली. मग नथ काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "ही तुमच्यापाशी ठेवा. मला दुखते."

दुसऱ्या दिवसापासून परसात जात नाही. खायला घातले की खाते, काम सांगितले की करते. आष्टीच्या डोंगराचे पुन्हा विचारले नाही. तुझी वहिनी म्हणते, शहाणी झाली. काल मात्र तिनेच न बोलता मनकर्णेचे दोन परकर, पोलके आणि तुझी जुनी शाल एका गाठोड्यात बांधून कोठीच्या दाराआड ठेवली. आष्टीला जाणाऱ्या मुलीच्या सामानात परकर असत नाहीत. मी पाहिले, ती माझ्याकडे बघते आहे हेही पाहिले. आम्ही दोघे जेवायला बसलो.

आता सरळ लिहितो. मला आडून लिहायची सवय लागली आहे, ती या पत्रात उपयोगी नाही.

नगरपर्यंत आगगाडी आहे. पुढे शेवगावावरून बैलगाडी. करोडगिरीच्या नाक्यावर सामान बघतात, माणसे बघत नाहीत. पंचमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वेशीत ये. लपून येऊ नकोस. पारावरून ये, धुळाजी दिसला तर त्याला हाक मार, म्हणजे निरोप फिरवायला मला कोणी लागणार नाही. दारात उभा राहा आणि मुलीला हाक मार. बायनाबाई मांडवातून उठतील. अर्जुनराव त्यांच्यामागे उठतील, आणि मला वाटते, बरे वाटून उठतील. गाव तुला शिव्या देईल, मीही चार देईन, त्या ऐकून घे. गाठोडे कोठीच्या दाराआड आहे. मुक्ताबाईला सांग, मुलगी भात कमी खाते, भाकरी खाते.

कौशल्येचे काय होईल ते होईल. तिची गाडी आली तर हे घर तिचे आहे. हे मी तुझ्या वहिनीला अजून बोललो नाही, पण गाठोडे बांधताना तिने तेवढा विचार केला असावा.

तू आला नाहीस तर लोक मला दोष देणार नाहीत. सगळे म्हणतील, शास्त्र्याने पुतणीचे चांगले केले. त्याची मला काळजी नाही. अर्जुनराव तिला मारतील, उपाशी ठेवतील, अशीही नाही. ती जगेल की नाही, हे रुईवर सोपवून झाले, आणि त्या शास्त्रावर माझा विश्वास नाही, म्हणून तीही नाही.

काळजी माझी मलाच आहे. मला वाटत आले होते की वेळ आली म्हणजे मी नाही म्हणेन. रविवारपासून तसे वाटत नाही. पंचमीला अंतरपाट दूर होईल, तिचा हात माझ्या हातात असेल, कोणी तरी झारी पुढे करील, आणि मी तिला देऊन टाकीन. मंत्र मला पाठ आहेत. एकही चुकणार नाही.

तू ये.

त्रिंबक